रेस अडखळते तेव्हा: कुवेतमध्ये थ्रॉटल पोझिशन सेन्सरची तपासणी

थ्रॉटल पोझिशन सेन्सर इंजिनाच्या हवेच्या वाटेवर, थ्रॉटल बॉडीच्या कडेला बसवलेला असतो. एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडीतल्या गोल झडपेवरून इंजिनात जाते. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की ही झडप फिरते, आणि ती किती फिरली हे सेन्सर व्होल्टेजच्या रूपात इंजिनाच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, सतत कळवत राहतो. पेट्रोल किती सोडायचे, स्पार्क केव्हा द्यायचा, ऑटोमॅटिक गाडीत गिअर केव्हा बदलायचा, हे ठरवताना ईसीयू या आकड्याचा आधार घेतो. आकडा चुकीचा आला की गाडीचे वागणे बिघडते. पण गाडी अडखळू लागली म्हणजे सेन्सरच गेला, असे मात्र नसते. वायर, कपलर, मळलेली झडप, उतरलेली बॅटरी, पेडलखालचा दुसरा सेन्सर, यांतले काहीही तीच लक्षणे दाखवू शकते. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी मोजमाप करणे हाच खरा बचतीचा मार्ग आहे.

जुन्या गाड्यांतला सेन्सर साध्या पोटेन्शिओमीटरचा असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण जसे काम करते, तसाच तो. आत कार्बनची एक पट्टी असते आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा धातूचा पातळ पंजा तिच्यावर घासत जातो. घासणे आले की झीज आली. ही झीज पट्टीभर सारखी होत नाही. फोर्थ रिंग किंवा फिफ्थ रिंग रोडवरच्या सकाळच्या गर्दीत पाय सगळा वेळ पेडलच्या पहिल्या पाव भागात वरखाली होत असतो. पूर्ण रेस देण्याची वेळ क्वचित येते. त्यामुळे पट्टीचा सुरुवातीचा तुकडा आधी झिजतो, आणि गाडी नेमकी हलक्या रेसवर झटके मारते, जोरात दाबल्यावर मात्र नीट पळते. हे लक्षण ओळखू येण्याजोगे आहे आणि निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

नव्या गाड्यांत चुंबक आणि हॉल इफेक्ट चिप यांवर चालणारा सेन्सर असतो. त्यात काही घासत नाही, म्हणून तशी झीजही नाही. तो बिघडतो तेव्हा बहुधा उष्णतेने, ओलाव्याने किंवा कपलरमधल्या सैल पिनेमुळे.

दोन्ही प्रकारांत विजेची मांडणी सारखीच असते. एका वायरीतून ईसीयू ५ व्होल्ट देतो, दुसरी वायर अर्थची, आणि तिसरीतून सिग्नल परत जातो. झडप बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट असतो, पूर्ण उघडल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो. शून्य किंवा पूर्ण ५ व्होल्ट हे दोन्ही आकडे मुद्दाम मोकळे ठेवलेले आहेत. सिग्नल शून्यावर आला तर वायर तुटली किंवा अर्थला चिकटली, पाचावर गेला तर शॉर्ट झाला किंवा अर्थ सुटली, असा अर्थ ईसीयूला लावता यावा यासाठी.

गेल्या दोन दशकांतल्या बहुतेक गाड्यांत पेडल आणि झडप यांच्यामधली केबलच नाहीशी झाली आहे. पेडलखालचा सेन्सर पायाचा दाब ईसीयूला सांगतो, आणि ईसीयू एका छोट्या मोटरने झडप उघडतो. इथे चूक परवडणारी नसते, म्हणून झडपेवर दोन आणि पेडलवर दोन असे जोडीने सिग्नल असतात. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत झडप बंद असताना पहिला सिग्नल सुमारे ०.५ ते १.१ आणि दुसरा सुमारे २.१ ते ३.१ व्होल्ट असतो; झडप उघडत जाईल तसे दोन्ही वर चढतात. अनेक अमेरिकन गाड्यांत एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. जोडीतले दोघे एकमेकांशी जुळेनासे झाले की ईसीयू कोणावरच विश्वास ठेवत नाही. तो मोटरची वीज तोडतो, स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवते आणि गाडी फक्त रांगत राहते. याला लिम्प मोड म्हणतात.

लिम्प मोडची भीती वाटणे साहजिक आहे. फहाहील एक्स्प्रेसवेवर किंवा ३६ किलोमीटर लांबीच्या शेख जाबेर पुलावर आजूबाजूला गाड्या १०० च्या वर धावत असताना पेडल तळाला टेकवूनही वेग वाढत नाही, हा प्रसंग धोक्याचाच आहे. अशा वेळी पेडल पुन्हापुन्हा दाबून काही होत नाही. आधी हॅझर्ड दिवे लावावेत आणि उरलेल्या गतीचा उपयोग करून उजव्या कडेला यावे. इंजिन बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू केल्यास पुष्कळदा गाडी तात्पुरती सावरते. पण तेवढ्यावर भरवसा ठेवून लांबचा प्रवास पुढे चालू ठेवू नये. मदत लागल्यास कुवेतचा आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

लक्षणे आणि इथले हवामान

सेन्सरच्या दोषात पुढील तक्रारी दिसतात. सिग्नलवरून गाडी उचलताना क्षणभर दम धरते आणि मग एकदम झेपावते. पाय स्थिर असतानाही वेग आपोआप थोडा वाढतो, थोडा घटतो. स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालते ती मंद गती, वरखाली होतो, कधी गाडी सिग्नलपाशी येऊन बंद पडते. ऑटोमॅटिक गिअर धक्क्याने बदलतो किंवा उशिरा बदलतो, क्रूझ कंट्रोल लागत नाही. टोयोटासारख्या गाड्यांत चेक इंजिनच्या दिव्याबरोबर घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवाही लागतो. ब्रेकमध्ये बिघाड झाला या समजुतीने गाडीमालक घाबरतो. खरे तर इंजिनच्या ताकदीवर ताबा उरला नाही म्हणून ती यंत्रणा स्वतःहून बाजूला झालेली असते.

कुवेतमध्ये या बिघाडाला तीन गोष्टी हातभार लावतात, आणि तपासणी करणाऱ्याने त्या ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. पहिली उष्णता. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि ते जागतिक हवामान संघटनेने पुढे तपासून मान्य केले. हे सावलीतल्या हवेचे तापमान. बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी तापते, आणि इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबल्यामुळे पहिली काही मिनिटे ती आणखी चढते. वर्षानुवर्षे असे भाजून निघाल्यावर कपलरचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, त्याची कुंडी मोडते, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते. कुंडी मोडलेला कपलर वरून बसलेला दिसतो, पण गाडी खड्ड्यात आदळली की आतली पिन क्षणभर सुटते. सेन्सर निर्दोष असूनही बदलला जातो तो बहुधा अशाच कपलरमुळे.

दुसरी गोष्ट धूळ, ज्याला इथे तोझ म्हणतात. वायव्येकडून शमाल वारा वाहू लागला की पिठासारखी बारीक माती एअर फिल्टरच्या कडेच्या फटीतूनही आत शिरते. इंजिनातून परत येणारी तेलाची वाफ तिला चिकटते आणि झडपेच्या काठावर काळी, डिंकासारखी कड तयार होते. मग झडप पूर्ण मिटत नाही किंवा मिटून चिकटते. तिसरी गोष्ट समुद्रकाठचा दमटपणा. सालमिया, मंगफ, महबूला, फहाहील या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ऑगस्ट-सप्टेंबरातली खारट ओली हवा लागते आणि पिनांवर हिरवट-पांढरा गंज धरतो. सुट्टीवर गावी गेलेल्या माणसाची गाडी दोन महिने एकाच जागी उभी असेल, तर परतल्यावर हा गंज आणि अर्धमेली बॅटरी दोन्ही एकदम भेटतात.

तपासणीचा क्रम

सुरुवात बॅटरीपासून करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ असावी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसावे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले तर ईसीयूमध्ये भलभलते कोड पडतात, आणि त्यांतला एखादा थ्रॉटलचाही असतो. बॅटरी दुरुस्त न करता पुढची मोजमापे करण्यात अर्थ नाही.

मग स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झालेले ओबीडी-२ सॉकेट इथल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली असते, आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा स्कॅनरही पहिल्या तपासणीला पुरतो. पी-०१२० ते पी-०१२४ हे कोड पहिल्या सिग्नलचे: त्यांत ०१२२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, ०१२३ म्हणजे फार जास्त, ०१२१ म्हणजे आकडा परिस्थितीशी न जुळणारा, ०१२४ म्हणजे मधूनच तुटणारा. पी-०२२० ते पी-०२२३ दुसऱ्या सिग्नलचे. पी-२१३५ म्हणजे झडपेवरच्या दोन सिग्नलांचा मेळ नाही. पी-२१३८ म्हणजे पेडलवरच्या दोघांचा मेळ नाही. हा कोड असताना थ्रॉटल बॉडी बदलणे पूर्णपणे वाया जाते, कारण दोषी सेन्सर ड्रायव्हरच्या पायाशी आहे. कोड पुसण्याआधी लिहून ठेवावेत. त्यांच्यासोबत जतन झालेली नोंद, म्हणजे कोड पडला तेव्हाचा वेग, इंजिनाचे तापमान, फेरे, तीही वाचावी. दोष दर वेळी ९५ अंशांच्या वरच पडत असेल तर सकाळी थंड इंजिनावर केलेली तपासणी त्याला पकडू शकणार नाही.

त्यानंतर इंजिन न सुरू करता इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर झडपेचे चालू आकडे पाहावेत. झडप बंद असताना काही गाड्यांत १० ते २० टक्के दिसतात. शून्य नाही म्हणजे दोष, असे समजू नये. पेडल अगदी सावकाश, दहा-बारा सेकंद घेऊन, तळापर्यंत दाबावे आणि तितक्याच सावकाश सोडावे. आकडा सलग चढला आणि सलग उतरला पाहिजे. केबल नसलेल्या गाडीत पेडलचा आकडा आणि झडपेचा आकडा दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. पेडलचाच आकडा उडी मारत असेल तर शोध पायाशी, पेडल नीट असून झडप मागे राहत असेल तर शोध बॉनेटखाली. इंजिन बंद असताना काही गाड्या झडप पूर्ण उघडू देत नाहीत, तेही लक्षात ठेवावे.

आता डोळ्यांची आणि हातांची तपासणी. कपलर काढून आत टॉर्च मारावा. पिना सरळ आहेत का, गंज आहे का, तेल उतरले आहे का, रबरी सील जागेवर आहे का ते पाहावे. पुन्हा बसवताना कुंडीचा टक् असा आवाज आलाच पाहिजे. मग एकाने स्कॅनरवर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने कपलरपासून मागे एकेक वीत वायरिंग हलकेच हलवत जावे. हलवताना आकडा उडाला तर दोष तिथेच आहे. पाच मिनिटांचे हे काम अनेकदा सगळा प्रश्न सोडवते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

मल्टिमीटरचे काम यापुढचे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. कपलर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक टाचणी आत सरकवून मोजावे. वायरीचे आवरण टोचून कधीही मोजू नये. त्या भोकातून दमट हवा शिरते आणि काही महिन्यांत तांबे आतून खाल्ले जाते. केबल असलेल्या गाडीत इग्निशन चालू करून आधी ५ व्होल्टची वायर बघावी. मग अर्थची वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यात मोजावे, तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. शेवटी सिग्नलची वायर, आणि झडप हाताने सावकाश फिरवणे.

झिजलेला सेन्सर मीटरवर असा दिसतो. झडप हलू लागते: ०.६२, ०.७०, ०.८५, १.०४. मग अचानक ०.१८, आणि लगेच १.३१. त्यानंतर ४.५ पर्यंत सगळे सुरळीत. झडप मागे आणताना पुन्हा त्याच जागी आकडा कोसळतो. हीच ती झिजलेली जागा. डिजिटल मीटर सेकंदाला दोनतीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे असा क्षणिक खड्डा निसटू शकतो. काट्याचा जुना मीटर असेल तर काटा तिथे स्पष्ट थरथरतो आणि या कामाला तोच अधिक चांगला. मीटरवर किमान-कमाल नोंदण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. थंड इंजिनावर काही सापडले नाही, तर गाडी अर्धा तास फिरवून आणून लगेच हीच तपासणी पुन्हा करावी. रेझिस्टन्स मोजण्याची पद्धत फक्त पोटेन्शिओमीटरच्या सेन्सरला लागू पडते. हॉल इफेक्टच्या सेन्सरवर तिचे आकडे निरर्थक येतात.

५ व्होल्टची वायरच ३ किंवा २ व्होल्ट दाखवत असेल तर सेन्सरला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करावी. ईसीयूकडून येणारे हे ५ व्होल्ट अनेक गाड्यांत एकाच वाटेने बऱ्याच सेन्सरांना पुरवले जातात, आणि एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर त्यांतला एक असतो. तो किंवा त्याची वायर शॉर्ट झाली की थ्रॉटलच्या सेन्सरलाही वीज पुरत नाही आणि पी-०१२२ पडतो. वर्षातला बराच काळ एसी अखंड चालणाऱ्या या देशात ही शक्यता लांबची नाही. त्या वाटेवरचे सेन्सर एकेक करून काढावेत. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. दाबाचा सेन्सर रेडिएटरच्या पुढे, थेट धुळीच्या आणि किड्यांच्या माऱ्यात असतो, हेही त्याच्यावर आधी संशय घेण्याचे कारण.

सुरक्षेच्या दोन बाबी आहेत. केबल नसलेल्या गाडीत इग्निशन चालू असताना थ्रॉटल बॉडीत बोट घालू नये, मोटर झडप एकदम मिटवते आणि बोट चेचले जाते. आणि उन्हापासून आडोसा म्हणून इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये काम करणार असल्यास तिथे इंजिन चालू ठेवून बसू नये. कोंडलेल्या जागेत धुराचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.

साफसफाई, बदली आणि नंतरचे काम

मोजमापे बरोबर आली आणि तरी स्लो वरखाली होत असेल, तर झडपेचा मळ हे पहिले कारण धरावे. इथल्या गॅरेजात नुसते ‘तंदीफ थ्रॉटल’, म्हणजे थ्रॉटलची सफाई, म्हटले तरी काम कळते. थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे वापरावा, तो कापडावर घेऊन झडपेचा काठ पुसावा, सेन्सरच्या बाजूला मारू नये. कार्ब्युरेटरचा तिखट स्प्रे काही झडपांवरचा मूळचा लेप उडवतो, आणि मग झडप आधीपेक्षा जास्त चिकटते. एअर फिल्टर तोझच्या मोसमात कंपनीने सांगितलेल्या अंतराआधीच उघडून बघावा. झडपेनंतरच्या रबरी नळ्यांतून हवा खेचली जात नाही ना, हेही याच वेळी तपासावे. तडकलेली नळी आणि सदोष सेन्सर यांची लक्षणे सहज एकमेकांत मिसळतात.

सेन्सर खरोखर गेला असे ठरले तर गाडीच्या वयावर पुढचे अवलंबून आहे. जुन्या गाडीत तो दोन स्क्रूंवर बसतो आणि वेगळा मिळतो. स्क्रूंची भोके लांबट असतील तर जुना काढण्यापूर्वी त्याच्या कडेला खूण करावी, नवा त्याच खुणेवर ठेवावा, आणि झडप बंद असतानाचे व्होल्टेज त्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून मगच स्क्रू आवळावेत. अलीकडच्या गाड्यांत सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आतच असतो आणि बहुधा अख्खी बॉडी बदलावी लागते, म्हणून खर्च कैक पटींनी वाढतो. शुवैख औद्योगिक भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाताना गाडीचे दफ्तर, म्हणजे नोंदणीपत्र, बरोबर न्यावे आणि त्यावरचा १७ अक्षर-अंकांचा चॅसी नंबर दाखवून भाग मागावा. आखाती देशांसाठी बनलेली गाडी आणि अमेरिकेतून वापरून आणलेली गाडी बाहेरून हुबेहूब दिसल्या तरी भागाचे नंबर वेगळे असू शकतात. सक्राबमधली, म्हणजे भंगार बाजारातली, वापरलेली बॉडी स्वस्त पडते खरी, पण तीही याच उन्हात तितकीच वर्षे भाजलेली असते; घ्यायचीच झाली तर आधी मीटरवर तपासून घ्यावी, आणि परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. दुरुस्ती करणाऱ्याकडे ‘हस्सास’ म्हणजे सेन्सर बदलायची मागणी न करता आपण लिहून ठेवलेला कोड आणि मोजलेले आकडे दाखवणे चांगले. आकडे समोर असले की बोलणे अंदाजावर राहत नाही.

बॉडी साफ केल्यावर किंवा बदलल्यावर झडपेची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. मळ असताना ईसीयूने झडप थोडी जास्त उघडी ठेवण्याची सवय लावून घेतलेली असते; मळ गेल्यावर तेवढ्याच उघडीपीतून जास्त हवा येते आणि स्लो १,२०० किंवा १,५०० फेऱ्यांवर अडकतो. साफ करून गाडी बिघडवली, अशी तक्रार यातूनच होते. निसानच्या अनेक गाड्यांत यासाठी ठरावीक वेळात पेडल दाबण्या-सोडण्याची पद्धत आहे, इतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरमधून आज्ञा द्यावी लागते. काही गाड्या आपोआप शिकतात. गाडीच्या पुस्तकात दिलेली पद्धतच वापरावी, कारण एका कंपनीची रीत दुसरीला चालत नाही.

यानंतर कोड पुसून गाडी रस्त्यावर घ्यावी. चाचणी थंड सकाळी न करता दुपारी, एसी पूर्ण चालू ठेवून, आधी अब्बासिया किंवा फरवानियासारख्या गर्दीच्या भागात हलक्या रेसवर आणि मग हायवेवर १०० च्या वेगाने, मिळून निदान अर्धा तास करावी. परतल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे बॉनेटखालची उष्णता चढू द्यावी, आणि गाडी पुन्हा सुरू करून स्कॅनर लावावा. साठलेल्या किंवा प्रलंबित कोडांत थ्रॉटलचा एकही कोड नसेल आणि स्लो स्थिर असेल, तर दुरुस्ती पुरी झाली.